ख्रिस्त एक, मंदिरे अनेक

मुंबईच्या कोट भागात हिंडताना आपल्याकडच्या माणसाला एक कोडे पडते. सेंट थॉमस कॅथीड्रल इंग्रजांचे, काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज स्कॉटिश लोकांचे, आणि दादरचे पोर्तुगीज चर्च रोमन कॅथलिकांचे. ख्रिस्त एकच, मग मंदिरे निराळी का?

उत्तर पुष्कळसे कारभारात आहे: पंथाची सत्ता कोणाच्या हाती, हा मूळ प्रश्न. रोमन पंथात ती पोपपासून खाली उतरते. इंग्लंडच्या राजाने १५३४ साली पोपला झुगारले. पण बिशप मात्र ठेवले. हा अँग्लिकन पंथ. १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस त्याचेच. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी बिशपही काढले आणि कारभार वडीलमंडळींच्या सभेकडे दिला. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी याहून पुढचे: प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आपला पाळक तिनेच निवडायचा. अहमदनगर व सोलापूरकडील जुन्या मंडळ्या या परंपरेतल्या.

मेथडिस्टांची गोष्ट कामगारांनी मुद्दाम ऐकावी. अठराव्या शतकात जॉन वेस्ली खाणकामगारांपुढे उघड्या माळावर बोलला. त्याच्या अनुयायांचे लहान लहान गट आठवड्याला जमत, पेनी-पेनी वर्गणी काढत. साधी माणसे उभी राहून बोलायला शिकत. पुढे हीच शिस्त इंग्लंडमधील कामगार संघटनांच्या उपयोगी पडली. १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतल्याबद्दल सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता.

आता पाहा, ही सारी भांडणे युरोपातली. मराठी ख्रिस्ती माणसाने ती केली नव्हती. मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले, आणि ज्याच्या तालुक्यात जे मिशन, तो त्याचा पंथ झाला. हे ओझे उतरवावे असे इथल्याच लोकांना वाटू लागले. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. १९२९ पासून व्यापक ऐक्याची बोलणी सुरू झाली, ती चाळीस वर्षे चालली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

तडजोड कशी झाली? बिशप राहिले, पण घटनेने बांधलेले. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की जाणतेपणी, या जुन्या वादात दोन्ही रीती मान्य झाल्या. कोणालाही आपले पूर्वज चुकले असे कबूल करावे लागले नाही. तरीही अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, आणि मिळकतींचे तंटे पुढे कोर्टात गेलेच.

दोन संघटना एक करण्याच्या बैठकीला जो बसला आहे, त्याला यातले काहीच नवीन वाटणार नाही. तत्त्वावर जुळते, खुर्ची, कचेरी आणि शिल्लक यांवर अडते. म्हणून चाळीस वर्षांची चिकाटी मला त्या ठरावाहून मोठी वाटते. ऐक्य एका दिवशी जाहीर होते खरे. पण ते टिकवण्याचे काम दुसऱ्या दिवसापासून, गावोगावच्या लहान मंडळीत, शेजारी बसणाऱ्या माणसांनाच करावे लागते.