भात थोडा, मासा भरपूर

मासे खाणाऱ्या घरात प्रथिनं कमी पडतात, असं म्हटलं तर अंधेरी-वेसाव्यात कुणी मनावर घेणार नाही. पण रविवारच्या ताटाचा हिशेब एकदा मांडून बघावा. मधोमध भाताचा ढीग, त्यावर कालवण, कडेला सुरमईची एक तळलेली तुकडी. शिजलेला भात ३०० ग्रॅम धरला तर त्यातून ८०-८५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात आणि प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम. ६० ग्रॅमच्या तुकडीची आणखी बाराएक. एवढ्या कौतुकाच्या जेवणात प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास, आणि हे झालं रविवारचं. सोमवारी सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-बटाटा, संध्याकाळी स्टेशनाबाहेर वडापाव.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम. उतारवयात स्नायू झिजू लागतात, वजन उतरवतानाही ते चरबीबरोबर घटतात, म्हणून अशा लोकांना आहारतज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. याच संस्थांनी २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शिकेत म्हटलंय, की धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के येते. देशभरातल्या १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराची माहिती घेऊन २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातलं गणित असं, की कर्बोदकं निम्म्याच्या आसपास आणली आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या जवळ नेली, तर मधुमेह परतवण्याची किंवा टाळण्याची शक्यता वाढते. भात बंद करा, असं त्यात कुठेही नाही.

प्रथिनं वाढवायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो पनीर, दही आणि व्हे पावडरचा. तिन्ही दुधाची. ज्यांना दूध चालत नाही त्यांची इथेच अडचण होते, आणि अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान बाळात भरपूर असतं. बहुतेकांच्या शरीरात ते वाढत्या वयात कमी होत जातं. काहींच्या दुसऱ्या गुणसूत्रावर एक छोटासा बदल असतो, त्यांच्यात ते मोठेपणीही टिकतं. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त आढळतो; पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे जावं तसं त्याचं प्रमाण उतरतं. चहातल्या घोटभर दुधानं काही होत नाही, पण ग्लासभर प्यायलं की पोट गुडगुडतं, अशांना बहुधा लॅक्टोजचाच त्रास असतो. त्यांना विरजणानं लॅक्टोज कमी केलेलं दही आणि जवळपास लॅक्टोज नसलेलं तूप अनेकदा चालूनही जातं. दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे केसीन किंवा व्हे प्रथिनांचा अंशही नको. तंदुरी पापलेटला लावलेलं दही, पावातली आणि बिस्किटातली दूध पावडर, हॉटेलच्या ग्रेव्हीतलं क्रीम, सगळं विचारून घ्यावं लागतं.

किनारपट्टीचं स्वयंपाकघर मात्र मुळातच दुधाविना चालत आलंय. कालवणाला नारळाचं दूध, आंबटपणाला कोकम, चिंच किंवा कैरी, बांगड्याला तिरफळ, जेवणाच्या शेवटी सोलकढी. पाठारे प्रभूंच्या आणि वसईकडच्या घरांतलं भुजणं घ्या: कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, तेल आणि मासा एकत्र कालवून झाकण ठेवून शिजवायचं. ना पीठ, ना दूध. मासे आणि दूध एकत्र नको हे आयुर्वेदातलं विरुद्धाहाराचं सूत्रही घराघरांत पाळलं जातं. (त्याला चिकटलेली, मासे खाऊन दूध प्यायलं की कोड उठतं ही समजूत मात्र खोटी. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच रंगपेशींवर केलेला हल्ला असतो, त्याचा ताटाशी संबंध नाही.) नारळाच्या दुधात संपृक्त चरबी आणि उष्मांक भरपूर असतात, तेव्हा सोलकढी वाटीभरच बरी.

आता मासा कुठला घ्यायचा? पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि भावही त्या इतमामाला साजेसा असतो. प्रथिनांच्या दृष्टीनं मात्र त्यात बांगड्यापेक्षा जास्त असं काही नाही. पापलेट, सुरमई, बांगडा, तारली, कोलंबी, सगळ्यांत १०० ग्रॅम मांसामागे साधारण १७ ते २१ ग्रॅम प्रथिनं. मासळीत कर्बोदकं नाहीत म्हटलं तरी चालेल, कोलंबीतही नावालाच. वर बांगडा आणि तारलीत ओमेगा-३ स्निग्धाम्लं भरपूर, पापलेटापेक्षा जास्त. शिवाय ब-१२ आणि थोडंफार ड जीवनसत्त्व. म्हणजे स्वस्त मासळी इथे महागडीच्या पुढे आहे. मोठी शिकारी मासळी, उदाहरणार्थ मोरी, लहान मासे खाऊन खाऊन पारा साठवत जाते, म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर लहान मासळीच घ्यावी.

बोंबलाचा मामला निराळा. ताज्या बोंबलात जवळजवळ ८५ ते ९० टक्के पाणी. त्यामुळे १०० ग्रॅममागे प्रथिनं आठ-दहा ग्रॅमच, बांगड्याच्या निम्मी. तळताना फजिती होते ती याच पाण्यामुळे. साफ करून मधोमध चिरलेला बोंबील मीठ लावून फडक्यात ठेवायचा आणि वर पाटा किंवा जड डबा ठेवायचा. मीठ पाणी ओढून घेतं, वजन ते पिळून काढतं. हे न करता बोंबील तव्यावर टाकला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि रव्याचं आवरण सुटून येतं. त्या रव्याची धास्ती घेऊ नये. चार बोंबलांना मिळून पंधरा-वीस ग्रॅम रवा-तांदळाचं पीठ लागतं. त्याहून जास्त कर्बोदकं सोबतच्या अर्ध्या वाटी भातात असतात.

हेच पाणी वेसावे, मढ, गोराईच्या किनाऱ्यावर ऊन आणि वारा काढून घेतात. बांबूंच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात. वाळल्यावर जे उरतं त्यात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. व्हे पावडरच्या डब्यावरचा आकडा ७०-८० असतो. फरक आहे, पण डब्याच्या किमतीएवढा नक्कीच नाही. शिवाय बोंबील काट्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं, १०० ग्रॅम सुक्या बोंबलात हजार मिलिग्रॅमहून जास्त. २५ ग्रॅम सुका बोंबील म्हणजे साधारण कपभर दुधाइतकं कॅल्शियम. दूध सोडलेल्या माणसाचा खरा प्रश्न प्रथिनांपेक्षा कॅल्शियमचाच असतो. प्रौढाला रोज १,००० मिलिग्रॅम हवं. काट्यासकट कुरकुरीत तळलेली मांदेली, सालीसकट जवळा, नाचणी, तीळ आणि पालेभाज्या यांतून ते जमवता येतं. फक्त सुरमईच्या तुकड्या खाऊन नाही. बोंबील बिनमिठाचाच सुकवण्याची रीत आहे, हाही फायदा. खाऱ्या बांगड्याचं तसं नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी तो भिजवून, पाणी बदलून आणि क्वचितच खावा.

मग दिवसभराचं ताट कसं दिसेल? सकाळी पोह्यांऐवजी हिरव्या मुगाचं धिरडं आणि त्यात परतलेला जवळा. जवळा आधी कोरडा भाजायचा, दोन-तीन पाण्यांतून काढायचा म्हणजे वाळू खाली बसते, मग कांदा-लसूण-मिरचीवर परतून दोन आमसुलं टाकायची. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांची भुर्जी आणखी सोपी, १२ ग्रॅम प्रथिनं पाच मिनिटांत. दुपारी दोन मध्यम बांगडे, तिखलं किंवा नुसत्या हळद-तिखट-कोकमात शिजवलेले. डोकं-काटे वजा जाता त्यातून तीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू घालून, आणि एक लहान भाकरी. भाकरी म्हणजे कर्बोदकं कमी, हा समज काढून टाका. ज्वारीच्या पिठात कर्बोदकं तांदळाहून फार कमी नसतात. फायदा तंतूंचा आणि एका भाकरीवर थांबता येतं याचा. रात्री कोलंबी घातलेलं वालाचं बिरडं, किंवा अंबाडीत, माठात, वांग्यात घातलेली सुकट. पालेभाजीत मूठभर सुकट घालण्याची ही आपली जुनी रीत तंतू आणि प्रथिनं एकाच कढईत देते. नुसती मासळी खाऊन भाज्या टाळल्या तर आठवड्यात पोट तक्रार करतं.

खाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली ११ मधुमेही रुग्णांना एकच जेवण दोन पद्धतींनी दिलं गेलं. भाजी आणि कोंबडी आधी, पाव आणि संत्र्याचा रस नंतर, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी निघाली. ११ माणसांचा प्रयोग लहानच, पण करून बघायला खर्च काही नाही. आधी मासा आणि भाजी खा, भात शेवटी घ्या. पोट तोवर बरंचसं भरलेलं असतं.

राहिला डब्याचा प्रश्न. घाटकोपर-मुलुंडमध्ये भाड्यानं घर शोधणाऱ्याला ‘नॉन-व्हेज खाता का?’ हे आधी विचारलं जातं, आणि ऑफिसात मासळीचा डबा उघडला की चार माना वळतात. या वासाचं रसायन सोपं आहे. खाऱ्या पाण्यात तग धरायला समुद्री मासे शरीरात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं द्रव्य साठवतात. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि तो हवेत उडणारा वायू म्हणजेच मासळीचा वास. हा वायू आम्लारिधर्मी असतो. कोकम, चिंच, लिंबू यांच्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो आणि तो रश्शातच राहतो, नाकापर्यंत पोचत नाही. मासे धुताना लिंबू आणि कालवणात आमसूल घालण्यामागे चवीइतकंच हेही कारण. डब्यासाठी तळलेल्यापेक्षा कोकमातला मासा बरा, आणि ताजा असेल तर वास मुळातच कमी.

ताजेपणाचा संबंध फक्त वासाशी नाही. बांगडा, सुरमई, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर तासन् तास राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मग तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं ठणकणं सुरू होतं, आणि लोक म्हणतात, ‘मला बांगडा सोसत नाही.’ हिस्टामीन शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणून संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर मासे घ्यायचे असतील तर बर्फावरचेच घ्यावेत. कल्ले उघडून लालबुंद आहेत ना ते बघावं, बोटानं दाबून बघावं. कोळीण मावशी रागावत नाही. ‘बघ ना दादा, सकालचाच हाय,’ म्हणून स्वतःच कल्ला उघडून दाखवते.

हा आहार सगळ्यांसाठी सरसकट नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी तारली, मांदेली आणि सुकी मासळी यांवर हात आखडता ठेवावा, कारण त्यांत प्युरिनं जास्त असतात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक भात-पोळी निम्म्यावर आणली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तेव्हा आधी औषधाचा डोस ठरवून घ्यावा.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात बाहेरून आलेल्या, बर्फात किती दिवस काढलेत याचा पत्ता नसलेल्या मासळीला चढे भाव देण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच सुके बोंबील, जवळा आणि सोडे भरून ठेवावेत. कडकडीत ऊन दाखवून, हवाबंद डब्यात, आणि पावसाच्या दमट हवेत जमलं तर फ्रिजमध्ये. बुरशी आलेली सुकट धुऊन वापरू नका, टाकून द्या. आणि ऑगस्टात ताजी मासळी आली की तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका. अंडी घालायच्या आत पकडलेला तो मासा असतो. त्याच पैशांत बांगडे जास्त येतात आणि प्रथिनंही.