शर्यतीच्या गाडीचा ‘मेंदू’ घेताना

कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक झाला आणि मुरगूडच्या गॅरेजांतील आपल्या पोरांनाही शर्यतीचा नाद लागला. आम्ही कापडवाले, पण मालाची पारख आम्हास ठाऊक. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, नुसत्या नावावर घेऊ नये. क्रँकच्या चाकाचे दात ३६ वजा १ असोत की ६० वजा २, ते त्याला वाचता आले पाहिजेत. २००१ सालापासूनचा मेगास्क्वर्ट स्वतः जोडता येतो, स्वस्तही पडतो. पण ट्यूनिंग जाणणारा कारागीर जवळ नसेल तर महागडा डबाही फुकट! पूर्ण जोरावर पेट्रोलच्या वजनाच्या साधारण १२.५ ते १३ पट हवा लागते. हवा फार वाढली तर पिस्टन वितळू शकतो. म्हणून वाइडबँड सेन्सर व डायनोचा खर्च आधी बाजूला काढावा. मूळ ईसीयू मात्र विकू नये.