विश्लेषण : सुंठीवाचूनही खोकला जातो, मग आले आणि हळद नेमकी कशावर गुणकारी?

आले मळमळीवर उपयोगी पडते, हे चाचण्यांतून बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. हळदीबाबतचे दावे मात्र पुराव्यांच्या कितीतरी पुढे धावत आहेत. त्यातच स्वयंपाकघरातील चिमूटभर मसाल्याची जागा आता कॅप्सूल घेऊ लागल्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? संशोधन काय सांगते?

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

करोनाच्या साथीत, २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा तसेच १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घेण्याची सूचना केली होती. काढा आणि हळदीचे दूध मराठी घरांना नवे नव्हतेच. पण त्यानंतर सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर आले-हळद सुचवणारे संदेश मोबाइलवर फिरू लागले. औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात हळदीच्या अर्काच्या गोळ्याही सहज मिळतात. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे मानून अनेक जण डॉक्टरांना न सांगता त्या सुरू करतात. धोका आहे तो इथेच.

अनुभव असताना चाचणी कशाला हवी?

याचे उत्तर मराठीतील एका म्हणीतच आहे : सुंठीवाचून खोकला गेला. सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआपच बरा होतो. त्या दिवसांत सुंठ घेतली असेल तर श्रेय सुंठीला मिळते. म्हणूनच संशोधक रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडतात. एका गटाला खरे औषध मिळते, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला माहीत नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. दोन्ही गटांत फरक दिसला, तरच औषधाचा गुण मानला जातो. प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा उंदरांवर दिसलेला परिणाम ही त्याआधीची पायरी असते. मोबाइलवरचे बहुतेक दावे या पायरीवरच थांबलेले असतात.

आल्याचा गुण कशावर सिद्ध झाला?

घाटातल्या एसटी थांब्यावर आलेपाकाच्या वड्या विकल्या जातात, त्या गाडी लागू नये म्हणून. याच समजुतीची परीक्षा १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झाली. गाडी लागण्याचा त्रास असलेल्या ३६ विद्यार्थ्यांना डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवण्यात आले. ९४० मिलिग्रॅम सुंठ घेतलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी पूर्ण सहा मिनिटे टिकले. नेहमीचे औषध किंवा प्लासिबो घेतलेल्यांपैकी एकही टिकला नाही. मात्र १९९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आल्याचा असा गुण दिसला नाही. त्यामुळे गाडी लागण्याबाबत निकाल अजूनही दोन्हीकडे झुकलेला आहे.

गर्भारपणातील मळमळीबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात २९१ गर्भवतींवर झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रोज सुमारे एक ग्रॅम आले हे ‘ब-६’ जीवनसत्त्वाइतकेच उपयोगी ठरले. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातही आल्याचा पर्याय नमूद आहे. उलट्या थांबण्यापेक्षा मळमळ कमी होण्याबाबतचे निष्कर्ष अधिक ठळक आहेत. पाळीच्या वेदनांवरही छोट्या चाचण्यांत चांगले परिणाम दिसले आहेत.

आले जास्त घेतले तर गुणही जास्त येतो का?

नाही. केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ५७६ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना उलटीविरोधी औषधे दिलेली होतीच, त्याच्या जोडीला काहींना आले आणि काहींना प्लासिबो देण्यात आला. आल्याने मळमळ कमी झाली, पण सर्वाधिक गुण दिसला तो रोज अर्धा ते एक ग्रॅम घेणाऱ्यांत. दीड ग्रॅम घेणारे त्यांच्या पुढे गेले नाहीत. या चाचणीत आले औषधांच्या जोडीला होते, औषधांच्या जागी नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

एक ग्रॅम सुंठपूड म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा. ताज्या आल्यात बहुतांश पाणी असल्याने तेवढ्या सुंठीसाठी साधारण पाच ग्रॅम आले लागते. म्हणजे चाचण्यांतील मात्रा स्वयंपाकघराच्या आवाक्यातलीच आहे.

आले शरीरात काय करते?

ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या घटकातून येतो. आले वाळवले की त्यातील काही जिंजेरॉलचे शोगाओल बनते. ते अधिक तिखट असते, म्हणून सुंठ जास्त झोंबते. शिजवल्यावर झिंजेरोन हा सौम्य घटक तयार होतो. ताजे आले आणि सुंठ यांच्या गुणांत आजीबाई जो भेद करत, त्याला असा रासायनिक आधार आहे.

पोटात बिघाड झाला की आतड्यातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला मळमळीचा संदेश जातो. हा संदेश जिथे पकडला जातो, ती जागा आल्यातील घटक काही प्रमाणात अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ओंडान्सेट्रॉन हे उलटीवरील औषधही तीच जागा अडवते, पण कितीतरी प्रभावीपणे.

मग हळदीचे गाडे कुठे अडते?

हळदीचे गुण ज्याच्या नावावर सांगितले जातात ते कुरकुमिन. हळदपुडीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. त्यामुळे चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीतून जेमतेम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कुरकुमिन पोटात जाते. ते पाण्यात नीट विरघळत नाही. आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते, त्याचेही यकृत झपाट्याने रूपांतर करते. रक्तात ते नावापुरतेच सापडते.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. कुरकुमिन रंगीत असते, प्रकाशात चमकते आणि अनेक प्रथिनांना चिकटते. त्यामुळे चाचणीची यंत्रणाच फसते आणि गुण नसताना गुण दिसतो. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधील आढाव्याने हे सविस्तर मांडले. कुरकुमिनच्या १२० हून अधिक चाचण्या झाल्या, तरी प्लासिबोशी काटेकोर तुलना करून कोणत्याही आजारावर यश ठामपणे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

हळद निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला आणि पोटाचा त्रासही कमी झाला. मात्र ही चाचणी चारच आठवड्यांची होती आणि तीत प्लासिबोचा गट नव्हता.

कॅप्सूल आणि चिमूटभर हळद यांत फरक काय?

शोषण होत नाही म्हटल्यावर ते वाढवण्याच्या युक्त्या निघाल्या. बंगळूरुच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर काळ्या मिरीतील २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा रक्तातील कुरकुमिन सुमारे वीसपट झाले. पायपरिन यकृतातील रूपांतर मंदावते, म्हणून हे घडते. त्यामुळेच अनेक कॅप्सूलमध्ये ते घातलेले असते. पण यकृताची हीच यंत्रणा इतर औषधांचाही निचरा करते. ती मंदावली तर त्या औषधांची रक्तातील पातळीही बदलू शकते.

अमेरिकेतील यकृत-इजा नोंद करणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने २०११ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरकांशी संबंधित दहा रुग्ण नोंदवले. त्यातील पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही, पण तो कोणाला आहे हे गोळी घेण्यापूर्वी सहसा माहीत नसते. इटली आणि ऑस्ट्रेलियातील आरोग्य यंत्रणांनीही अशा पूरकांबाबत इशारे दिले आहेत. हे सारे गोळ्या-कॅप्सूलबाबत आहे. भाजी-आमटीतील हळदीबाबत नाही.

भेसळीचा धोका किती?

पिवळाजर्द रंग यावा म्हणून काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिसेयुक्त रंग मिसळला जातो. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली. जनजागृती आणि कारवाईनंतर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. भारतात किलोमागे १० मिलिग्रॅम शिशाची मर्यादा आहे. दक्षिण आशियातील नमुन्यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटण्यातील एका नमुन्यात हे प्रमाण दोन हजार मिलिग्रॅमहून अधिक निघाले.

बांगलादेशात ही भेसळ हळकुंडांना चकाकी देतानाच होत होती. त्यामुळे हळकुंडे आणून दळून घेतली तरी खात्री मिळतेच असे नाही. अतिझगझगीत रंगाला भुलू नये, हे उत्तम.

परंपरेची साक्ष पुरेशी नाही का?

जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय शोधनिबंध असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. हा विजय मोठा होता. पण त्यातून सिद्ध झाले ते एवढेच की, हा वापर भारतात जुना आहे. तो किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. परंपरा कुठे शोधावे ते सांगते, उत्तर मात्र चाचणीतूनच मिळते.

कोणी काय काळजी घ्यावी?

जेवणातील आले-हळद सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. आल्याने काहींना जळजळ होते, त्यांनी मात्रा कमी करावी. गर्भवतींनी नियमित आले सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, पित्ताशयात खडे असलेले, यकृताचा आजार असलेले आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेले रुग्ण यांनी पूरके स्वतःहून घेऊ नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने कुरकुमिनची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम ठेवली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १८० मिलिग्रॅम होते. एकेका कॅप्सूलमध्ये अनेकदा ५०० मिलिग्रॅम असते. हे पाकिटावर वाचता येते.

पूरक घेताना डोळे किंवा लघवी पिवळी होणे, भूक मरणे, अंगाला खाज सुटणे अशी लक्षणे दिसली तर ते लगेच थांबवून तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की हळदीच्या गोळ्यांचे नावही त्या यादीत सांगावे. बहुतेकांच्या यादीतून नेमके तेच राहून जाते.