केशरी फ्लॉवर : रंग टोचलेला की विज्ञान?

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, बाजारात केशरी फ्लॉवर दिसला की फोनवर निरोप येतो, "रंग टोचलाय, घेऊ नका." मलाही आला होता. फौजेतली सवय अशी की बातमी आली तर आधी खातरजमा, मग हालचाल. तीच आज करू.

१९७०च्या सुमारास कॅनडात, ओंटारिओतल्या शेतात, पांढऱ्या फ्लॉवरमध्ये एक केशरी गड्डा आपोआप उगवला. त्यामागच्या जनुकाला 'ऑर' म्हणतात. पांढऱ्या गड्ड्याच्या पेशीत बीटा-कॅरोटीन साठवायला कोठारच नसतं. ऑरमुळे ते तयार होतं.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने हाच जनुक आपल्याकडच्या फ्लॉवरमध्ये संकराने आणला. वाणाचं नाव 'पुसा बीटा केशरी १'. संकर जुनाच, पण निवड नवी. गड्डा धरेपर्यंत थांबायचं नाही. कोवळ्या रोपाचं पान तपासायचं, डीएनएमध्ये ऑरची खूण असेल तेच रोप पुढे न्यायचं. वर्षं वाचतात. म्हणजे हा फ्लॉवर रंगवलेला नाही आणि जीएमही नाही.

एवढा खटाटोप कशाला? रात्रीच्या पहाऱ्यावर जवानाचे डोळे हेच त्याचं पहिलं हत्यार. शरीर कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवतं. ते फार कमी पडलं तर आधी अंधारात दिसेनासं होतं. लहान मुलांची तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

या जनुकाचा दुसरा गुणही पाहा. कोरियातल्या शास्त्रज्ञांनी रताळ्यात त्याचाच भाऊबंद जनुक जास्त कामाला लावला, तेव्हा कॅरोटीन वाढलं आणि रोपं उष्णतेलाही अधिक टिकली. तो प्रयोग मात्र जीएमचा होता, हा फरक लक्षात ठेवा.

आता हिशेब. या फ्लॉवरमध्ये किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असतं. १०० ग्रॅम भाजीतून मोठ्या माणसाची अ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज थोडीच भागते. गाजरात याच्या कितीतरी पट असतं. म्हणून गाजर, पालक सोडू नका. पण फ्लॉवर घरात येतोच, तर पांढऱ्याऐवजी केशरी आला की सवय न बदलता थोडी भर पडते. फोडणीला तेल असू द्या; त्याशिवाय कॅरोटीन अंगी नीट लागत नाही.

पुढच्या वेळी तो निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढं सांगा.