बटाट्याला मातीची भर

परतीचा पाऊस ओसरला की बटाटा लावायला घ्यावा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावला तर पोसायच्या वेळी थंडी मिळते. रात्री गार असतील तरच पानांत तयार झालेलं अन्न जमिनीखाली साठतं. रात्रीही उकडत असेल तर पाला माजतो आणि खाली काहीच धरत नाही.

कोंब फुटलेला बटाटा कापताना प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे राहू द्या. कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकली की तिच्यावर कोरडी साय धरते आणि फोड मातीत सडत नाही. बियाणं मिळालं तर 'कुफरी ज्योती' किंवा 'कुफरी चंद्रमुखी' घ्या.

बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. रोपाच्या जमिनीखालच्या भागातून पांढऱ्या आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. म्हणून मातीची भर देणं हे या पिकातलं सर्वांत मोलाचं काम. गोणीत लावत असाल तर ती आधी अर्धीच भरा. रोप वीतभर झालं की बुंध्याशी माती आणि शेणखत चढवा, पंधरा दिवसांनी पुन्हा. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो. तो हिरवेपणा हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं आणि ते शिजवून जात नाही. असा बटाटा खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

पाला पिवळा पडला की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी काढा. अंगठ्याने चोळून साल सुटत असेल तर अजून थांबा.