केबलचा वेग आणि स्टंपची जाडी

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. सेकंदाला ५० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तो दोन चित्रांच्या मधे ७८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पायचीतचा निर्णय अशा चित्रांवर कसा द्यायचा? सेकंदाला ३०० चित्रं घेतली, तर हे अंतर १३ सेंटिमीटरवर येतं. २००१मध्ये लॉर्ड्सच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत 'हॉक-आय' पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून चेंडूचा माग काढणारे कॅमेरे सगळ्यांच्या ओळखीचे झाले. पण अशा यंत्रणेची खरी कसोटी लागते ती कॅमेरा आणि संगणक यांच्यामधल्या तारेवर.

समजा, अशी यंत्रणा आपल्यालाच उभारायची आहे. १९२० × १०८० बिंदूंचं कृष्णधवल चित्र, दर बिंदूला एक बाइट आणि सेकंदाला ३०० चित्रं. एका कॅमेऱ्यातून दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बाइट, म्हणजेच जवळपास ५ गिगाबिट माहिती बाहेर पडते.

यूएसबी ३.०च्या खोक्यावर '५ गिगाबिट' असंच छापलेलं असतं. तरीही हे चित्र त्यात मावत नाही. तिथे दर आठ बिट पाठवायला दहा बिट खर्ची पडतात, म्हणून हाती जेमतेम ४ गिगाबिट उरतात. शिवाय साधी केबल तीन-पाच मीटरपुढे भरवशाची राहत नाही. गिगाबिट इथरनेट १०० मीटर जातं, पण त्याचा वेग पाचपट कमी पडतो. कोअ‍ॅक्सप्रेसच्या एका तारेत १२.५ गिगाबिटपर्यंत क्षमता मिळते; मात्र वेग वाढला की अंतर घटतं आणि संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागतं. मैदानासाठी १० गिगाबिट इथरनेट सोयीचं: चांगल्या तांब्याच्या तारेवर १०० मीटर आणि त्यापुढे ऑप्टिकल फायबर.

सहा कॅमेरे असतील तर ३० गिगाबिट झाले. सगळ्या तारा एका स्विचमध्ये आणून तिथून १० गिगाबिटची एकच तार संगणकाला दिली, तर चित्रं वाटेतच गळतील. डिस्कचंही तेच. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५ कोटी बाइट लिहिते. तिला एका कॅमेऱ्याचा भारही पेलत नाही. त्यामुळे एकतर फक्त खेळपट्टीपुरता पट्टा टिपायचा, नाहीतर एनव्हीएमई डिस्क घ्यायच्या.

वेगाइतकंच महत्त्व घड्याळांच्या मेळाला आहे. दोन कॅमेऱ्यांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तरी तेवढ्यात चेंडू ३.९ सेंटिमीटर सरकतो. स्टंपची जाडी नियमानुसार जास्तीत जास्त ३.८१ सेंटिमीटर असते. म्हणजे या फरकाने चेंडूची जागा एका स्टंपच्या जाडीहून जास्त चुकू शकते. इथरनेटवरची प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल ही पद्धत कॅमेऱ्यांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळवते, म्हणून अशा कामात तिला पर्याय शोधताना दहादा विचार करावा.

तेव्हा कॅमेरा निवडतानाच कागदावर चार आकडे मांडावेत: सेकंदाला किती माहिती, किती अंतर, किती कॅमेरे आणि वेळेत किती फरक चालेल. केबल त्यानंतरच निवडावी.