गाडीखालचा लाल डाग

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांना अलीकडे जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद लागला आहे. कुणाच्या गराजमध्ये सत्तरच्या दशकातली नोव्हा आहे, तर कुणाकडे कॅमॅरो. भारतात फियाट आणि ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली डोकं घालून वाढलेल्या आमच्या पिढीला कार्ब्युरेटर आणि प्लगची भीती वाटत नाही. पण त्या गाड्यांना क्लच आणि हाताने टाकायचे गिअर होते. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनशी बहुतेकांची गाठ इथे आल्यावरच पडली. त्यामुळे ड्राइव्हवेवर लाल डाग दिसला की पोटात गोळा येतो, आणि गराजवाल्याने "पूर्ण उघडून बांधावं लागेल" म्हटलं की आपण मुकाट्याने मान डोलावतो. त्या मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं, ते आम्ही इथे सांगणार आहोत. उदाहरणासाठी शेव्हरलेच्या गाड्यांत १९६९ पासून बसवलेलं टर्बो हायड्रामॅटिक ३५० घेतलं आहे.

दुखणं एकच

गळणं आणि तापणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्या सख्ख्या बहिणी आहेत. या ट्रान्समिशनमधलं तेल तीन कामं करतं: इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं, दाब देऊन क्लचच्या चकत्या घट्ट धरतं आणि उष्णता बाहेर वाहून नेतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, चकत्या घसरतात आणि तापतात. ताप वाढला की रबरी सील कडक होतात आणि गळती आणखी वाढते. म्हणून नुसतं वरून तेल ओतत राहणं हा उपाय नव्हे.

आधी डिपस्टिक

गाडी दहा-पंधरा मैल चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवा आणि पार्कमध्ये आणा. इंजिन चालू ठेवूनच तेल बघायचं. (क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र न्यूट्रलमध्ये बघतात.) 'ॲड' आणि 'फुल' या खुणांमध्ये फक्त एक पाइंटचा फरक असतो, तेव्हा थोडं थोडं ओता. तेल जास्त झालं तरी त्रासच: आतले फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि तेल वरच्या हवेच्या नळीतून बाहेर येतं. ते गळतीसारखंच दिसतं.

तेल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. स्वच्छ लाल असेल तर ठीक. तपकिरी आणि करपल्याचा वास असेल तर ते तापलं आहे. आणि गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी हलवू नका. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून त्यात कूलंट मिसळलं आहे, आणि कूलंटने क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटतं.

गळतंय कुठून?

चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. खालचा भाग डिग्रीझरने धुऊन कोरडा करा, थोडी चक्कर मारून या, मग खाली पुठ्ठा पसरा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. गाडीखाली जायचं तर ती पक्क्या स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर कधीही नको. चाकांना अडसर लावा आणि एक्झॉस्ट थंड होऊ द्या.

पुढच्या बाजूला, कन्व्हर्टरच्या झाकणाखालून लाल तेल येत असेल तर पंपाचं सील गेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्यासाठी ट्रान्समिशन खाली उतरवावं लागतं. तिथलंच तेल तपकिरी असेल तर ते बहुधा इंजिनाचं आहे. बाकीच्या बऱ्याच जागा स्वस्तातल्या आहेत: पॅनचं गॅस्केट, तेल भरायच्या नळीची रिंग, स्पीडोमीटर केबलचं सील, दांड्याच्या शाफ्टचं सील आणि शेवटच्या टोकाचं सील. पॅनचे १३ बोल्ट जोर लावून आवळण्याचा मोह टाळा. कॉर्कचं गॅस्केट फाटतं आणि पॅनची कड वाकते. १० ते १२ फूट-पौंड पुरे.

तेल कमी होतंय पण खाली थेंबही नाही, आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय? मग उजव्या बाजूला मागे असलेला व्हॅक्यूम मॉड्युलेटर तपासा. त्याची रबरी नळी काढा. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटला आहे आणि इंजिन ट्रान्समिशनचं तेल ओढून जाळत आहे. हा सुटा भाग एका बोल्टवर असतो आणि बाहेरूनच बदलता येतो.

तापतंय का?

साधारण १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हे तेल सुखात असतं. मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा, की त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरकडे जाणारी आणि परत येणारी नळी मोजा. परतीची नळी थंड असायला हवी. दोन्ही सारख्याच गरम असतील तर कूलर आपलं काम करत नाही. नळी कुठे चेपली आहे का तेही बघा. परतीची नळी बादलीत सोडून इंजिन आयडलवर चालवलं तर अर्ध्या मिनिटात एक क्वार्ट तरी तेल यावं. तेवढ्यावर इंजिन बंद करा आणि गेलेलं तेल भरा. प्रवाह कमी असेल तर कूलर किंवा नळी तुंबली आहे.

इंजिनही तापत असेल तर आधी रेडिएटरकडे बघा, कारण दोघांची उष्णता तिथेच उतरते. घाटात चढणारी किंवा ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर जास्तीचा कूलर लावणं शहाणपणाचं.

गराजवाल्याकडे जाताना

तेलाचा रंग, गळतीची जागा, दोन्ही नळ्यांचं तापमान आणि गाडी कोणत्या गिअरमध्ये घसरते, एवढं वहीत लिहून न्या. तेल करपलेलं असेल, पॅनमध्ये चकत्यांचा काळा चुरा असेल आणि गाडी घसरत असेल, तर उघडणं टळणार नाही. मग पैसे घालताना मन खात नाही. पण फक्त गळती असेल तर "नेमकं कुठून, दाखवा" असं जरूर म्हणा.

टॉर्च धरायला मुलांना सोबत घ्या. आणि तुमच्या गाडीने यापेक्षा वेगळं काही दाखवलं असेल, तर आम्हाला नक्की कळवा.